संत्र्याची बाग आणि झुडपी जंगल

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरातून काटोलच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळाने संत्र्याच्या बागा सुरू होतात. त्यातली एखादी बाग अडीच एकरांहून मोठी असेल आणि झाडं चांगली पसरलेली असतील, तर ती बाग म्हणजे वन आहे. हे मी म्हणत नाही. देशातलं जंगल मोजणारी देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था म्हणते. एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जागा आणि वरून पाहिल्यावर दहा टक्के जमीन तरी झाडांनी झाकलेली, एवढं असलं की झालं वनाच्छादन. जमीन कोणाची, झाड कुठलं, लावलेलं की आपसूक उगवलेलं, हे विचारायचं नाही. मी वर्गात भूगोल शिकवायचो तेव्हा इथे मागच्या बाकावरून प्रश्न ठरलेला असे, "सर, मग तिथे वाघ येतो का?" तेव्हा मुलं हसायची. आता काटोल-नरखेडकडचा शेतकरी या प्रश्नावर हसणार नाही, पण तो विषय वेगळा.

आपला देश हिरवा होतो आहे की उजाड, असं कोणी विचारलं की अहवालातला आकडा पुढे केला जातो. या संस्थेचा पहिला अहवाल १९८७ चा. त्यात देशाच्या सुमारे साडेएकोणीस टक्के जमिनीवर जंगल होतं. २०२३ च्या अहवालात ते २१.७६ टक्के आहे, म्हणजे ७ लाख १५ हजार चौरस किलोमीटरच्या थोडं वर. छत्तीस वर्षांत लोकसंख्या एवढी वाढली, रस्ते झाले, धरणं झाली, खाणी झाल्या, आणि जंगल वाढलं! ऐकायला बरं वाटतं.

पण १९८७ साली मोजायची पट्टी कोणती होती ते पाहा. उपग्रहाचं चित्र इतकं ढोबळ होतं की चारशे हेक्टरांहून लहान झाडी नकाशावर उतरतच नसे. चारशे हेक्टर म्हणजे जवळपास हजार एकर. गावाबाहेरची आमराई, नाल्याकाठची झाडी, टेकडीवरचा सागाचा पट्टा, सगळं गळून जायचं. पुढे चित्रं स्पष्ट होत गेली आणि २००१ पासून एक हेक्टरचा तुकडाही मोजला जाऊ लागला. म्हणजे काही झाडं नव्याने उगवली आणि काही नुसती नव्याने दिसली. या दोन्हींची बेरीज एकाच रकान्यात आहे.

याच्याही आधीची गंमत सांगतो. १९८० च्या सुमारास हैदराबादच्या दूरसंवेदन संस्थेने उपग्रहाच्या चित्रांवरून जंगल मोजलं, ते भरलं चौदा टक्के. दिल्लीत खळबळ उडाली. नंतर वन सर्वेक्षणाने आणि त्या संस्थेने एकत्र बसून आकडे जुळवले आणि जंगल साडेएकोणीस टक्क्यांवर आलं. एवढी वाढ कुठल्या पावसाने झाली नव्हती.

तरीही १९८० हे साल खरोखर महत्त्वाचं. त्याआधीच्या तीस वर्षांत सुमारे ४३ लाख हेक्टर वनजमीन शेती, धरणं, कारखाने अशा कामांना दिली गेली. २५ ऑक्टोबर १९८० ला वनसंवर्धन कायदा लागू झाला आणि केंद्राच्या मंजुरीशिवाय वनजमीन देणं बंद झालं. पूर्वीचा सपाटा थांबला, हे या कायद्याचं श्रेय मानायलाच हवं. १९५२ च्या वननीतीने मात्र एक तृतीयांश जमीन जंगलाखाली हवी म्हटलं होतं. ते लक्ष्य सत्तर वर्षांनंतरही जिथल्या तिथे आहे.

आता जानेवारी २०२२ मध्ये आलेला अहवाल घ्या. दोन वर्षांत वनाच्छादन १,५४० चौरस किलोमीटरने वाढलं, अशी बातमी आली. बातमी खरीच. पण आतलं पान उघडलं तर विरळ जंगल २,६२१ ने वाढलेलं, अतिघन ५०१ ने वाढलेलं, आणि मध्यम घन १,५८२ ने घटलेलं. ज्या रानात आपले ऐन, धावडा, तेंदू, मोह उभे असतात, ते बहुतेक या मध्यम खान्यात बसतं. ईशान्येच्या राज्यांत त्याच काळात हजारावर चौरस किलोमीटर जंगल गेलं. तिकडचं सदाहरित रान गेलं, इकडे कुठे निलगिरीची लागवड वाढली, आणि बेरीज अधिक आली. सरकारी जमाखर्चात ते बसतं. रानातल्या पाखराला बसत नाही.

वैशाखात पेंचला गेलेल्यांना ठाऊक असेल, साग अगदी नागडा उभा असतो. उपग्रहाने तेव्हा चित्र घेतलं तर आपलं अर्धं जंगल माळरान म्हणून लागेल. पावसाळ्यात ढग. म्हणून मोजणीसाठी चित्रं निवडतात ती मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरमधली, पानं असेपर्यंतची. ही निवड योग्यच आहे. पण 'जंगल' शब्दामागे किती निर्णय घेतलेले असतात, ते यावरून कळतं.

आता उलटी बाजू, आणि ती खास आपली, पूर्व विदर्भाची. इथे कागदावर 'झुडपी जंगल' नावाची जमीन आहे. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली तेव्हा गावोगावच्या पडीक, चराईच्या जमिनी सरकारकडे आल्या आणि नोंदवहीत त्यांच्यापुढे हे शब्द पडले. बोरी-बाभळी, तरोटा, चरणाऱ्या गाई आणि झुडपाखाली बसलेला गुराखी. त्याला कोणी जंगल म्हणत नव्हतं. १९५६ साली मध्य प्रदेशातून आपण मुंबई राज्यात आलो, नोंदीही सोबत आल्या. पुढे त्याच जमिनींवर घरं झाली, शाळा झाल्या, कचेऱ्या झाल्या, स्मशानंसुद्धा झाली. आणि १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असलेली जमीनही वनच. झालं! एवढा मोठा घोळ निस्तरायला २२ मे २०२५ उजाडावा लागला. त्या दिवशी न्यायालयाने झुडपी जंगल वनजमीनच असल्याचा निवाडा दिला आणि १९९६ पूर्वी रीतसर दिलेल्या जागांसाठी केंद्राकडून मंजुरी घेण्याची वाट ठेवली. निकाल देणाऱ्या खंडपीठावर सरन्यायाधीश भूषण गवई होते, अमरावतीचे. झुडपी म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नसेल.

म्हणजे काटोलकडे झाडं आहेत, ती उपग्रहाच्या लेखी वन, तहसीलच्या लेखी बागायत. नागपूरच्या वेशीवर झुडपी आहे, ती तहसीलच्या लेखी जंगल आणि उपग्रहाच्या लेखी बरेचदा काहीच नाही, कारण तिथे दहा टक्केही सावली पडत नाही.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची नरखेडकडे साडेसात एकरांची संत्र्याची बाग होती. डिंक्या रोगाने झाडं वाळत गेली. यंदा उन्हाळ्यात त्याने शेवटी सगळी बाग काढली आणि मृगात कापूस पेरला. मी त्याला फोनवर म्हटलं, "अरे, तुझ्यामुळे देशाचं तीन हेक्टर जंगल घटलं." तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, मग त्याची भरपाई वनखात्याकडे मागू का?"