कोणाकडून लागला?

नमस्कार श्रोतेहो.

पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला टीबी निघाला की आपल्या कोकणातल्या वाड्यांमध्ये औषधाच्या आधी चौकशी सुरू होते. कोणाकडून लागला? मुंबईहून गणपतीला आलेल्या काकाकडून, बोटीवरच्या खलाशाकडून, की वर्षभर खोकणाऱ्या आजीकडून? त्या काकाबद्दल आधीच एचआयव्हीची कुजबुज असली तर मग बघायलाच नको. आजारी मुलगी असेल तर तिच्या लग्नापर्यंत बोलणं जातं, आणि मुलगी असते नववीत! मी छातीच्या ओपीडीत बसते, आणि हा प्रश्न मीही विचारते. विचारावाच लागतो. पण दवाखान्यात तो ज्यासाठी विचारतात आणि पाणंदीत ज्यासाठी विचारतात, त्यात फार फरक आहे. आज त्याबद्दलच बोलते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. टीबीचा संसर्ग होणं आणि टीबीचा आजार होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश माणसांना कधी ना कधी या जंतूचा संसर्ग झालेला आहे. त्यातल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. बाकीच्यांच्या शरीरात जंतू दबून राहतो. त्यांना खोकला नसतो, ताप नसतो आणि त्यांच्यापासून कोणाला लागतही नाही. एचआयव्ही नेमका इथे घात करतो. जंतूला दाबून ठेवणारी शक्तीच तो खातो, आणि उपचार न घेणाऱ्या माणसात आजार होण्याचा धोका दहा-पंधरा पटींनी वाढवतो.

आता थोडं लांब, दक्षिण आफ्रिकेत जाऊ. तिथे प्रौढांमध्ये साधारण दर सहा जणांत एकाला एचआयव्ही आहे. आपल्या देशात हजारात दोघांना. म्हणजे कोकणाची आणि त्यांची बरोबरी नाही, कोणी उगाच धसका घेऊ नका. पण तिथे जे ठळक दिसतं ते आपल्याकडचं समजून घ्यायला उपयोगी पडतं. केप टाउनच्या परिसरात शाळकरी मुलांच्या तपासण्या झाल्या. किशोरवयातल्या जवळजवळ निम्म्या मुलांना टीबीचा संसर्ग होऊन गेलेला दिसला. यातल्या बहुतेक मुलांना स्वतःला एचआयव्ही नव्हता. आजूबाजूच्या मोठ्या माणसांत टीबी इतका पसरलेला होता, की शाळेत जाता-येता, खेळता-बसता तो पोरांच्या छातीत गेला. निम्म्या वर्गाला लागलाय म्हटल्यावर बोट तरी कोणाकडे दाखवणार?

पुढची गोष्ट ऐकून अनेकांना नवल वाटतं. एचआयव्ही असलेला टीबीचा रुग्ण, सरासरीने पाहिलं तर, एचआयव्ही नसलेल्या रुग्णापेक्षा कमीच जंतू हवेत सोडतो. कारण फुफ्फुसात पोकळ्या पडतात त्या शरीराच्या प्रतिकारामुळे. प्रतिकारच दुबळा असला की पोकळ्या कमी पडतात आणि बेडक्यातले जंतूही कमी असतात. म्हणजे ज्या काकाला सगळे टाळतात त्याच्यापेक्षा, ज्याच्या शेजारी मजेत बसतात तो ‘विडीचा खोकला आहे, जुनाच आहे’ म्हणणारा माणूस जास्त धोक्याचा असू शकतो. त्याची थुंकी कोणी तपासलेलीच नसते.

केप टाउनच्या संशोधकांनी आणखी एक छान काम केलं. मुलांच्या सोबत दिवसभर कार्बन डायऑक्साइड मोजणारी छोटी यंत्रं दिली. बाहेरच्या हवेपेक्षा आपल्या उच्छ्वासात हा वायू सुमारे शंभरपट असतो. त्यामुळे एखाद्या खोलीत तो वाढला, की आपण दुसऱ्यांनी सोडलेली हवा किती घेतोय ते कळतं. मुलांच्या बाबतीत ही वापरलेली हवा घरापेक्षा बाहेरच जास्त मिळते असं दिसलं. त्यात शाळेचे वर्ग आले, आणि दाटीवाटीने भरलेल्या लहान प्रवासी गाड्याही आल्या. लहान बाळाला टीबी बहुधा घरातून लागतो, पण किशोरवयीन मुलाला अनेकदा घराबाहेर.

आपल्याकडे समुद्राचा वारा आहे, हवा शुद्ध आहे, असं आपण अभिमानाने सांगतो. खळ्यात आणि किनाऱ्यावर ते खरंच आहे. पण पावसाचे चार महिने आठवा. पडवीला झावळ्यांची झापं नाहीतर निळं प्लास्टिक बांधलेलं. एसटीच्या काचा घट्ट लावलेल्या. वडापमध्ये दहाच्या जागी पंधरा. वर्गाच्या खिडक्या बंद, कारण झडीने वह्या भिजतात. शहरातल्या क्लासवाल्यांनी एसी बसवलाय, त्याचं पालकांना कौतुक. त्या खोलीत बाहेरची हवा किती येते हे कोणी विचारत नाही. आणि बारावीनंतर मुलगा मुंबईला जातो तो कुठे उतरतो? गावकीच्या खोलीत. त्या खोल्यांनी कोकणाला जगवलं, हे मी मान्य करते. पण दहा-बारा माणसं एका खोलीत पाळीपाळीने झोपतात, तेव्हा एकाचा खोकला सगळ्यांचा होतो. वर्गाची एक वरची झडप आणि समोरच्या भिंतीतली एक, एवढ्या दोन उघड्या ठेवल्या तरी वारा आरपार जातो आणि वह्याही कोरड्या राहतात. शाळा समितीच्या बैठकीत हे मांडायला पैसे लागत नाहीत.

किशोरवयाचं आणखी एक दुखणं आहे. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना टीबीचा आजार त्यामानाने कमी होतो. वयात येताना तो पुन्हा वाढतो आणि मोठ्या माणसांसारखा होतो, फुफ्फुसात पोकळ्या पाडणारा, दुसऱ्यांना लागणारा. जन्मल्यावर टोचलेली बीसीजीची लस लहानपणी मेंदूच्या टीबीपासून राखते, पण या वयापर्यंत तिचा जोर ओसरलेला असतो. जगात दहा ते चोवीस वयाच्या सुमारे अठरा लाख मुला-मुलींना दरवर्षी टीबी होतो असा अंदाज आहे. तरी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या गेल्या त्या पंधराच्या आतले आणि पंधराच्या वरचे अशा. चौदा वर्षांचा बाळांत गेला, सोळा वर्षांचा बाप्यांत. किशोर म्हणून त्यांच्याकडे फार कोणी पाहिलंच नाही. आता निदान लसीच्या चाचणीत तरी ते आलेत. एम ७२ नावाच्या नव्या लसीची मोठी चाचणी २०२४ साली दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली, त्यात पंधरा वर्षांपासूनची मुलं घेतली आहेत. निकाल यायला वेळ आहे.

तोवर हातात आहे ते प्रतिबंधक औषध. घरात एखाद्याला फुफ्फुसाचा टीबी निघाला, तर पूर्वी आपल्याकडे हे औषध मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांना आणि एचआयव्ही असलेल्यांना मिळायचं. २०२१ पासून घरातल्या मोठ्या मुलांनाही आणि माणसांनाही ते देण्याचं धोरण आहे. आधी आजार नाही ना, हे पाहतात. दोन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारं वजन, रात्रीचा घाम विचारतात, छातीचा फोटो काढतात. मग रोज एक अशी सहा महिने गोळी, किंवा आठवड्यातून एकदा असे बारा आठवडे डोस. ‘कोणाकडून लागला’ हा प्रश्न आम्ही विचारतो तो यासाठी. नाव कळलं की त्या घरातल्या पोरांपर्यंत गोळी पोचते. लाजेने नाव लपवलं की पोरं तशीच राहतात आणि दोन वर्षांनी त्यातलाच एखादा दहावीच्या परीक्षेआधी रक्त ओकत येतो.

ज्या मुलांना जन्मापासून एचआयव्ही आहे त्यांच्याबद्दल दोन शब्द. आपल्याकडे एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी, औषधं १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली, त्यामुळे ही मुलं आज जगतायत, शिकतायत. पण गोळ्या कशाच्या हे अनेकांना घरच्यांनी सांगितलेलं नसतं, ‘रक्त वाढायच्या’ म्हणून देतात. चौदाव्या वर्षी पोर शहाणं झालेलं असतं, मोबाइलवर गोळीचं नाव टाकून तेच शोधून काढतं, आणि रागाने गोळी सोडतं. आधीच सांगा, समुपदेशकांची मदत घ्या. टीबीचं औषध सुरू होत असेल तर एआरटी चालू असल्याचं डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे, कारण टीबीवरच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे एआरटीतल्या डोल्युटेग्राविर या औषधाचा अंमल कमी होतो आणि त्याचा डोस वाढवावा लागतो. ही माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन २०१७ च्या कायद्याने घातलेलं आहे, आणि एचआयव्ही आहे म्हणून शाळेला मुलाला काढता येत नाही.

आणि जेवण. झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांच्या घरच्यांना दरमहा जादा तांदूळ, डाळ वगैरे दिलं, तर त्या घरांमध्ये नवा टीबी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. हे २०२३ साली प्रसिद्ध झालं. आपल्याकडे तारली आणि बांगडा स्वस्त असतो तेव्हा पोटभर खाऊ द्या, मुलींनासुद्धा, भावाच्या ताटाएवढा. श्रावणात कुळथाची पिठी आहेच. रुग्णाच्या खात्यात सरकार पोषणासाठी महिन्याला हजार रुपये जमा करतं. नाव नोंदलं की बँकेचा तपशील आशाताईंकडे द्या, नाहीतर पैसे अडकतात.

खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल, तर वय काहीही असो, थुंकीची डबी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. गावात विचारायचा संकोच वाटत असेल तर फोन करा. टीबीसाठी १८०० ११ ६६६६. एचआयव्हीसाठी १०९७. लिहून घ्यायचं राहिलं असेल तर पुन्हा सांगते: एक आठ शून्य शून्य, एक एक, सहा सहा सहा सहा. आणि दुसरा, एक शून्य नऊ सात. दोन्ही मोफत आहेत.