लांब पल्ल्याच्या घोड्याची निवृत्ती

श्रोतेहो, नमस्कार. कॅलिफोर्नियात १९५५ साली सुरू झालेल्या टेविस कप या शर्यतीत घोड्याने डोंगरवाटांवरचे १०० मैल २४ तासांत कापायचे असतात, आणि वाटेत ठिकठिकाणी पशुवैद्य त्याची नाडी, चाल आणि शरीरातील पाण्याचे प्रमाण तपासून मगच त्याला पुढे सोडतात. असे कष्ट करणारे जनावर लवकर मोडत असेल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु बेताने राबवलेले घोडे पंधरा वर्षांचे झाल्यावरही या खेळात टिकून असतात. लांब पल्ल्याच्याच, पण वेगाला कमी महत्त्व देणाऱ्या स्पर्धांमधला एल्मर बँडिट हा घोडा तर तिशी उलटून गेल्यावरही उतरत होता. २०१० साली तो मेला, तेव्हा ३८ वर्षांचा होता.

या दीर्घायुष्याचा पाया कोवळ्या वयात घातला जातो. घोड्याच्या पायांची हाडे आधी पक्की होतात आणि पाठीचे मणके सर्वांत शेवटी, पाचव्या-सहाव्या वर्षाच्या सुमारास. त्यामुळे अमेरिकेतील नियमांनुसार ५० मैलांच्या शर्यतीत पाच वर्षांखालील घोडा चालत नाही. माझ्या मते त्यानंतरही एक-दोन वर्षे घाई न करणारा स्वारच शहाणा.

निवृत्तीचा निर्णय मात्र अवघड असतो, कारण जुन्या घोड्याचे हृदय स्वाराला फसवते. वर्षानुवर्षांच्या सरावामुळे त्याची नाडी थांब्यावर झटपट मिनिटाला ६४ ठोक्यांच्या खाली येते आणि सारे ठीक असल्याचा भास होतो. पण पायांच्या मागच्या कंडरांमध्ये, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोरांमध्ये, बारीक इजा साठत आलेली असते, आणि वाढत्या वयात शरीरही लवकर तापते. म्हणून शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवून पाहावे. पुढच्या एका पायावर भार येताना तो डोके वर उचलत असेल, तर त्या पायात दुखणे आहे असे समजावे.

निवृत्ती म्हणजे घोड्याला एकाएकी तबेल्यात बांधून ठेवणे नव्हे. हालचाल थांबली की सांधे आखडतात आणि कमावलेले स्नायू ओसरतात. अंतर आणि वेग टप्प्याटप्प्याने कमी करावेत, मोकळ्या कुरणात सोबतीला दुसरा घोडा द्यावा. बुजऱ्या शिंगरांना वाट दाखवायला असा जुना घोडा फार उपयोगी पडतो.

आता त्याच्या तोंडाकडेही लक्ष हवे. दात झिजले की वैरण नीट चावली जात नाही आणि गव्हाणीखाली अर्धवट चघळलेले ओले बोळे पडलेले दिसतात. अशा वेळी चंदी भिजवून मऊ करून द्यावी. हिवाळा सरूनही अंगावरची लव झडली नाही, तर पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्यावे, कारण उतारवयातील घोड्यांत मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीचा विकार बराच आढळतो. त्यातून खुरांचा वेदनादायक दाह होऊ शकतो. मात्र वेळीच ओळखला, तर रोजच्या गोळीने हा विकार पुष्कळसा आटोक्यात राहतो.