भूत नेहमी रोग्याचंच का?

श्रोतेहो, नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यात एका गावाबाहेर, पऱ्हाटीच्या वावरांपलीकडे, जुन्या दवाखान्याची पडकी इमारत उभी आहे. गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं, की येत्या अमावास्येला पोरं मोबाइल घेऊन तिथं हजर होतील. आणि छत असं कुजलंय की भूत राहिलं बाजूला, एखाद्याच्या डोक्यात कवेलूच पडायचं. कोण्या संस्थेनं तिथं मनोरुग्ण ठेवले होते. पुढं संस्था गुंडाळली, रोगी कुठं गेले कोणाला ठाऊक नाही. लोकांच्या तोंडी ‘पागलखाना’ तेवढा उरला. आणि गोष्टी उरल्या: रात्री साखळ्या वाजतात, बाई किंचाळते, व्हरांड्यात कोणी चालतं.

मी गेलो ते दिवस मावळायच्या बेतात. राखण करणारे काका फाटकापाशीच थांबले. "सर, तुमी या पाहून. मी भेत नाई, पण घरी नातवंडं हायेत," म्हणाले. यावर काय बोलणार!

मे महिना होता. आपल्याकडचा मे म्हणजे पारा 45 च्या घरात, आणि व्हरांड्यावर टिना. दिवसभर तापून फुगलेल्या टिना रात्री गार होऊन आकसायला लागल्या, की खिळ्यापाशी ‘टण्ण’ करतात. एक वाजली की मागोमाग दुसरी, तिसरी. डोक्यावरून कोणी चालत गेल्यासारखंच वाटतं. मी मान वर करून पाहत उभा राहिलो, तर मागच्या खोलीतून किंकाळी आली. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. बॅटरी मारली, तर आढ्यावर पांढऱ्या चपट्या तोंडाचं गव्हाणी घुबड. हे घुबड घुमत नाही, चिरकतं. पिल्लं असली तर ती वर फुत्कारतातही.

त्याच खोलीत ‘हाडं’ सापडल्याची बोलवा होती. आढ्याखाली केसाळ, करड्या गोळ्यांचा सडा पडला होता. एक गोळा काडीनं फोडला. आत उंदराचा अख्खा जबडा निघाला, पुढचे पिवळे दात शाबूत. घुबड उंदीर सबंध गिळतं आणि न पचलेले केस न् हाडं अशी ओकून टाकतं. शेतकऱ्याचे फुकटात उंदीर मारणारा हा पक्षी. भूत समजून त्याला गोटे मारू नका, एवढं जाता जाता सांगतो.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग कडेची लहान खोली पाहिली. दाराला कडी फक्त बाहेरून. आतून धरायला साधी मूठ नाही. आणि फरशीत पुरलेलं एक लोखंडी कडं. बाकी सगळा गंज, पण आतल्या एका बाजूला बोट फिरवलं तर काचेसारखं गुळगुळीत. साखळी घासून घासून झालेलं.

तिथून पुढं घुबडाचं हसू येईना.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात वेस्टन म्हणून गाव आहे. तिथल्या भल्याथोरल्या दगडी मनोरुग्णालयात 1864 साली पहिले रोगी आले. बांधलं होतं 250 माणसांसाठी. 1950 च्या दशकात आत 2400 च्या आसपास माणसं कोंबलेली होती. 1994 मध्ये ते बंद पडलं. आता तिथं तिकीट काढून लोक रात्री भुतं बघायला जातात. आपलं नागपूरचं मनोरुग्णालयही 1864 चंच. तिथं तिकीट नाही, ओपीडीची रांग असते.

मला एक कळत नाही. तिकडं काय किंवा इकडं काय, असल्या जागेतलं भूत नेहमी रोग्याचंच का असतं? त्याला आणून सोडून परत न फिरकलेल्या भावाचं का नसतं? कडं ठोकणाऱ्याचं का नसतं? ज्यानं सोसलं त्यालाच मेल्यावरही आपण घाबरायचं, हा कुठला न्याय?

आणि साखळी काही इतिहासजमा झालेली नाही. भास-भ्रमाच्या आजारावर पहिलं खरं उपयोगी औषध, क्लोरप्रोमाझिन, 1952 पासून वापरात आहे. तरी 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूत एरवाडी गावी मनोरुग्ण ठेवलेल्या आश्रमाला आग लागली, तेव्हा साखळीनं बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले, पळता येईना. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रोग्याला साखळीनं बांधायला साफ मनाई केली. भूत उतरवतो म्हणून बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा तर महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत.

बाहेर आलो तर काका तिथंच. माझ्या हातापायाकडं निरखून पाहिलं, मग हळूच म्हणाले, "सर, माह्या भाच्याले बाहेरचं हाय म्हणते. रात रात झोपत नाई, एकटाच बोलते. भगत म्हणते, पाच मंगयवार आणा."

"काका, बांधून तर ठेवत नाही ना त्याला?"

ते गप्प झाले. मग म्हणाले, "रातचंच फक्त. विहीर हाय ना जवळ."

त्यांना विहिरीची धास्ती होती, त्यांच्याशी भांडणार कसं? जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, हे सांगितलं. फोन नंबर दिला, तोच तुम्हालाही देतो: टेलिमानस, म्हणजे मनाच्या आजारासाठीची सरकारी हेल्पलाइन, 14416. पैसे लागत नाहीत, दिवसा-रात्री केव्हाही लावा, मराठीत बोला. रोग्यानंच फोन करायला हवा असं नाही, घरच्यांनी केला तरी चालतो. काकांनी विचारलं, "पोराचं नाव गावात तं नाई होणार?" नाही होत. नाव न सांगताही बोलता येतं. पुन्हा एकदा सांगतो, 14416.

नमस्कार.