चाक वाजवून घ्या

नमस्कार श्रोतेहो. मृग तोंडावर आलाय. वखराच्या पासा, डवऱ्याच्या पासा, म्हणजे त्यांची लोखंडी पाती, विळे, कुऱ्हाडी, सगळं वर्कशॉपच्या दारात येऊन पडलंय आणि ग्राइंडरला दिवसभर उसंत नाही. त्या ग्राइंडरच्या चाकाबद्दल आज बोलायचंय, पण आधी ऐका. एक चाक मी इथे स्टुडिओत आणलंय. भोकात बोट घालून ते अधांतरी धरलंय आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हळूच ठोकतोय.

ऐकलंत? खण्ण. पुन्हा ऐका. खण्ण. हा आवाज कानात ठेवा.

आयटीआय झाल्यावर दर्यापूरकडच्या एका वर्कशॉपमध्ये मी हाताखाली लागलो होतो. असाच मृगाचा हंगाम, बाहेर बैलगाड्या उभ्या, आणि चाक झिजून पार बारीक झालेलं. मिस्त्रींनी मला अमरावतीला पाठवलं. मी 8 इंची नवं चाक घेतलं, पिशवीत घातलं, एसटीत सीटखाली ठेवलं. गाडी खच्चून भरलेली. कुणाची लोखंडी पेटी, कुणाचे पाइप, सगळं त्याच सीटखाली.

परत आलो तर मिस्त्री जेवायला गेलेले. लोक घाई करत होते. मी जुनं चाक काढलं आणि नवं ओट्यावर ठेवलं. उचलताना त्याला पान्याचा धक्का लागला. आवाज झाला, ठप्प. माझं लक्षच नव्हतं. पण विळ्याला धार लावायला आलेली एक म्हातारी दारात बसली होती, तिने ऐकलं. म्हणाली, “काहून रे बापू, मडकं फुटकं हाय थे.”

मी म्हटलं, “आजी, नवं चाक आहे. आत्ताच आणलंय.”

ती उठली. चाक माझ्याकडून घेतलं, भोकात बोट घालून धरलं आणि आपल्या विळ्याच्या लाकडी मुठीने ठोकलं. ठप्प. थोडं फिरवून पुन्हा ठोकलं. ठप्प. “बाजारात असं मडकं मी फुकट बी नाई घेनार,” म्हणाली आणि माझ्या हातात परत दिलं.

तेवढ्यात मिस्त्री आले. त्यांनी एकदा ठोकून पाहिलं, काही बोलले नाहीत, चाक ओट्याच्या कडेवर आपटलं. दोन तुकडे झाले. भोकापासून कडेपर्यंत निम्म्याहून जास्त भेग आधीचीच होती, तिच्यात एसटीतली धूळ बसलेली. मिस्त्रींनी आधी म्हातारीचा विळा घेतला आणि जुनं चाक पुन्हा चढवून त्याला धार लावून दिली. पैसे घेतले नाहीत.

8 इंची चाक मिनिटाला 2850 फेरे घेतं, तेव्हा त्याची कड ताशी 100 किलोमीटरच्या वर धावत असते. तशा वेगात तो तुकडा सुटला असता, आणि मी समोर उभा असतो.

म्हातारीचं बरोबर होतं, कारण हे चाक खरोखरच मडक्याच्या जातीचं. धारदार खडे मातीत कालवून 1200 अंशांच्या आसपास भट्टीत भाजलेले. मडकं आपण वाजवल्याशिवाय घेत नाही. तर चाक कोरडं असू द्या, लटकवा, कडेपासून बोटभर आत ठोका. घड्याळात दीड, साडेचार, साडेसात, साडेदहा वाजतात त्या चार जागी. मग थोडं फिरवून पुन्हा. लटकवा, ठोका, ऐका. खण्ण आलं तर बसवा. ठप्प आलं तर नाही. अँगल ग्राइंडरच्या पातळ चकत्या राळेच्या असतात, त्या अशा वाजत नाहीत. त्यांच्या मधल्या लोखंडी कड्यावर मुदत छापलेली असते, ती बघा.

बसवताना दोन्ही बाजूंचा कागद काढू नका, नट मर्यादेबाहेर आवळू नका. चालू केल्यावर मिनिटभर बाजूला उभे राहा. पास ज्यावर टेकवून धरतो तो टेकू आणि चाक यांच्यात फट 3 मिलिमीटरच्या आत ठेवा, नाहीतर पास आत ओढली जाते. चाक झिजलं की टेकू पुढे घ्या. पुन्हा सांगतो, 3 मिलिमीटर.

ॲल्युमिनियम, पितळ या चाकावर घासू नका. खड्यांमधल्या फटी बुजतात, मग चाक लोखंड कापत नाही, नुसतं तापवतं. पासेला निळी झाक आली की पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला समजा, ती पहिल्याच वखरणीत बोथटते. दाबू नका, ड्रेसर, म्हणजे चाक खरवडायचं हत्यार, फिरवून चाकाचं तोंड उघडा आणि पास पाण्यात बुडवत राहा. यात मिस्त्रीचा वेळ जातो. बियाण्याच्या पिशवीवर छापलेली किंमत आपण मुकाट्याने देतो आणि धारेच्या दहा रुपयांसाठी मिस्त्रीशी घासाघीस करतो, हे मला पटत नाही. कास्तकार बंधूंनो, ते दहा रुपये द्या.

आणि ठप्प वाजलेलं चाक कोपऱ्यात उभं करून ठेवू नका. मिस्त्रींनी केलं तसं आपटून दोन तुकडे करा, मगच टाका. नाहीतर उद्या तुम्ही जेवायला गेलात की घाईतला कुणी पोरगा तेच उचलून बसवेल.