डिझेलचा दाब कमी पडतो तेव्हा : टाकीपासून रेलपर्यंतचा शोध
(सांगली येथे पिकअप चालक, वाहनमालक आणि तरुण मिस्त्री यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, या जिल्ह्यातील माणसाला पंप म्हणजे काय हे मी वेगळे सांगण्याची गरज नाही. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या योजनांनी कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून दुष्काळी भागात नेलेले आपण पाहिले आहे आणि आपल्यापैकी अनेकांच्या विहिरीवर मोटर बसवलेली आहे. ती मोटर फिरत असूनही पाणी चढत नसेल, तर आपण आधी विहिरीत वाकून पातळी पाहतो, फूट व्हॉल्व्हमध्ये पालापाचोळा अडकला आहे का ते पाहतो, सक्शन पाइपाचे सांधे चाचपतो, आणि मोटर बाहेर काढण्याचा विचार सर्वांत शेवटी करतो. डिझेलच्या पिकअपमध्ये दाब कमी आल्याची तक्रार येते तेव्हा मात्र हाच क्रम उलटा होतो; सर्वांत महाग असलेला हाय प्रेशर पंप आधी उतरवला जातो आणि टाकीकडे कोणी पाहतच नाही. मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच आहे की, शोध टाकीपासून सुरू करावा आणि प्रत्येक टप्प्यावर मोजमाप घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आजच्या कॉमन रेल गाडीत डिझेलचा प्रवास दोन भागांत होतो. टाकीतील जाळीतून निघालेले डिझेल पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरमधून, डिझेल पुढे पुरवणाऱ्या फीड पंपाकडे आणि तेथून हाय प्रेशर पंपाकडे जाते, हा झाला कमी दाबाचा भाग. हाय प्रेशर पंप ते डिझेल रेलमध्ये, म्हणजे सर्व इंजेक्टरना सामायिक असलेल्या जाड नळीत, दाबून भरतो, रेलमधून ते इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरकडे जाते आणि उरलेले रिटर्न लाइनने टाकीत परत येते, हा जास्त दाबाचा भाग. या दोन भागांतील अंतर किती मोठे आहे याची कल्पना यावी म्हणून आपल्याच भाषेत सांगतो. एक बार दाब म्हणजे साधारण दहा मीटर उंचीचे पाणी. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत कमी दाबाच्या बाजूला काही मोजके बार असतात. रेलमध्ये मात्र पूर्ण भाराखाली १६०० बार किंवा त्याहूनही अधिक दाब असतो, म्हणजे सोळा किलोमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. एवढा दाब निर्माण करणारा पंप आपल्याला मिळालेल्या डिझेलवरच अवलंबून असतो आणि डिझेल हेच त्याचे वंगणही असते. त्यामुळे मागून पुरवठा अपुरा झाला किंवा त्यात हवा आली, तर रेलचा दाब तर पडतोच, शिवाय पंपही आतून झिजू लागतो. मूळ कारण न शोधता बसवलेला नवा पंप पुन्हा त्याच उपासमारीत चालतो.

काही वर्षांपूर्वी तासगाव भागातील एक द्राक्षबागायतदार आपली पिकअप माझ्याकडे घेऊन आले. पुण्याला माल घेऊन जाताना गाडी उत्तम चालत असे. परतताना खतांची पोती भरून खंबाटकीचा घाट चढू लागले की गाडी ओढेनाशी होई, चेक लाइट लागे आणि इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या वर जात नसे. दुसऱ्या एका ठिकाणी फिल्टर बदलून झाला होता, नंतर हाय प्रेशर पंपही बदलला होता, आणि तक्रार जशीच्या तशी होती. मी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातील दोषांचे कोड आणि आकडे दाखवणारे यंत्र, लावण्यापूर्वी चालकाला शेजारी बसवले आणि विचारले, की हे नेमके केव्हा होते. चढावर होते, भार असताना होते, हे त्याने सांगितले. आणि थोड्या वेळाने सहज बोलल्यासारखे म्हणाला, ‘साहेब, टाकी भरलेली असली की असं होत नाही.’ हे वाक्य कोणत्याही यंत्रावर उमटले नसते. चालकाशी पंधरा मिनिटे बोलणे हा तपासणीचाच भाग आहे, असे मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना नेहमी सांगतो.

स्कॅनरवर पी-००८७ हा कोड येतो तेव्हा त्याचा अर्थ रेलमधील दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे इतकाच असतो. कोणता भाग बिघडला हे तो सांगत नाही. म्हणून कोड वाचून थांबू नये, तर ईसीएमने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाने, मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब हे दोन आकडे एकाच पडद्यावर, गाडी भाराखाली चालवत पाहावेत. जागेवर उभ्या गाडीत हे दोन्ही आकडे बहुधा हातात हात घालून चालतात आणि दोष लपून राहतो. इंजिन सुरूच होत नसेल, तर सेल्फ मारताना रेलचा दाब किती चढतो ते पाहावे. अनेक प्रणालींत साधारण २०० ते २५० बार झाल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडत नाही. आणखी एक सोपी खात्री आधीच करून घ्यावी : इंजिन बराच वेळ बंद असेल, तर चावी फिरवल्यावर रेलचा आकडा शून्याच्या जवळ दिसला पाहिजे. तसा नसेल, तर आधी सेन्सर, त्याची वायर आणि कनेक्टर यांवर संशय घ्यावा, कारण खोटे बोलणाऱ्या सेन्सरच्या मागे लागून पुष्कळ चांगले पंप बदलले गेले आहेत.

आता कमी दाबाच्या बाजूकडे येऊ, कारण माझ्या अनुभवात सर्वाधिक चुका येथेच होतात. ज्या गाड्यांत फीड पंप हाय प्रेशर पंपाच्या पाठीला जोडलेला असतो, त्यांत टाकीपासून पंपापर्यंतची संपूर्ण नळी शोषणाखाली असते. अशा नळीला चीर गेली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणजे नळी बाहेरून कोरडी आणि स्वच्छ दिसते आणि दोष आत असतो. विहिरीवरील सक्शन पाइपाचा सांधा सैल झाल्यावर मोटर हवा धरते, तीच ही गोष्ट. ती डोळ्यांनी पाहण्याचा मार्ग म्हणजे फिल्टरनंतर पारदर्शक नळीचा एक तुकडा जोडून इंजिन चालवणे. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे निघून गेल्यावर डिझेल अखंड वाहिले पाहिजे. बुडबुडे येतच राहिले, तर हवा शिरते आहे. बुडबुडे नसतील पण दाब पडत असेल, तर व्हॅक्यूम गेज लावावे. फिल्टर तुंबला असेल, टाकीतील जाळी गाळाने भरली असेल किंवा रबरी नळीचे आतले अस्तर सुटून आडवे आले असेल, तर पंपाला जोर लावून ओढावे लागते आणि गेजवर शोषण वाढलेले दिसते. किती शोषण चालते हा आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा, शेजारच्या गाडीवरून नव्हे. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत मात्र शोषणाऐवजी पुरवठ्याचा दाब मोजावा लागतो आणि पंपाच्या कनेक्टरवर भाराखाली पुरेसे व्होल्टेज येते का तेही पाहावे लागते.

पाण्याविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये महापुराचे पाणी या शहरात शिरले, तेव्हा कितीतरी गाड्या चाकांच्या वर बुडाल्या होत्या. अशा गाडीची टाकी उतरवून धुतल्याशिवाय सेल्फ मारणे म्हणजे ते पाणी स्वतःच्या हाताने इंजेक्टरपर्यंत पोहोचवणे होय. पूर नसतानाही अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने बाष्प जमते. म्हणून फिल्टरखालील स्क्रू सैल करून काचेच्या भांड्यात थोडे डिझेल काढून पाहावे. पाणी तळाशी बसते आणि काही मिनिटांत स्वच्छ रेघ दिसते.

कमी दाबाची बाजू निर्दोष ठरल्यावरच पुढे जावे. तेथे पहिली चाचणी इंजेक्टरच्या रिटर्नची : प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या तोंडाला नळी लावून ती सारख्या मापाच्या बाटलीत सोडावी आणि ठरावीक वेळात कोणत्या बाटलीत किती डिझेल जमते ते पाहावे. एखादी बाटली इतरांपेक्षा झपाट्याने भरली, तर पंपाने केलेले काम तो इंजेक्टर परत टाकीत सोडून देतो आहे. त्यानंतर रेलवरील दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह, मग पंपात किती डिझेल जावे हे ठरवणारे पंपावरील मीटरिंग युनिट, आणि सर्वांत शेवटी पंप. मीटरिंग युनिट काढल्यावर त्याच्या जाळीवर चकाकणारा धातूचा चुरा दिसला, तर पंप आतून खरवडला गेला आहे; तो चुरा रेल, इंजेक्टर आणि टाकीपर्यंत पोहोचलेला असतो, म्हणून एकटा पंप बदलून अशी गाडी दुरुस्त होत नाही.

जुन्या ऑइल इंजिनांवर हात बसलेल्या मिस्त्रींना माझी कळकळीची विनंती आहे. त्या इंजिनांत नोझलचा नट सैल करून फिरवून हवा काढण्याची पद्धत होती. कॉमन रेलवर हे कधीही करू नये. चालू इंजिनातील बारीक गळतीचा फवारा डोळ्यांना दिसत नाही आणि तो कातडीतून थेट आत शिरतो. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारसे दुखतही नाही, परंतु आत गेलेले डिझेल मांस कुजवते आणि उपचाराला उशीर झाल्यास हात गमवावा लागू शकतो. असे झाल्यास मलम लावून घरी न जाता त्याच क्षणी शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि डिझेल दाबाने आत शिरले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती हाताने चाचपू नये; जाड पुठ्ठा धरावा. नळी सोडायची असेल, तर इंजिन बंद करून रेलचा दाब उतरल्याचे स्कॅनरवर पाहूनच सोडावी.

आता तासगावच्या गाडीकडे परत येतो. टाकी भरलेली असताना पारदर्शक नळीत एकही बुडबुडा नव्हता. डिझेल काढून पातळी अर्ध्याच्या खाली आणली आणि इंजिनाच्या फेऱ्या वाढवल्या, तेव्हा बुडबुड्यांची माळच सुरू झाली. मग टाकीची नळी सोडून स्वच्छ डिझेलचा वेगळा कॅन जोडला आणि बुडबुडे थांबले; म्हणजे कॅनपासून पारदर्शक तुकड्यापर्यंतची प्रत्येक नळी एका चाचणीत निर्दोष ठरली आणि दोष टाकीच्या आत आहे हे निश्चित झाले. टाकी उतरवली. आतील शोषण नळीला मध्याच्या थोडे वर केसाएवढी चीर होती. सांगलीहून भरलेली टाकी पुण्यापर्यंत चिरेच्या वर राही. परतीच्या वाटेवर पातळी खाली येई, घाटाच्या चढावर डिझेल मागे सरके, आणि नेमक्या त्याच वेळी इंजिन सर्वाधिक डिझेल मागत असे. नळी बदलल्यानंतर पुढच्या फेरीत मी स्वतः सोबत गेलो. येताना मुद्दाम डिझेल न भरता, टाकीत पाव भाग उरलेला असताना, पोती भरलेल्या गाडीतून खंबाटकी चढलो. मांडीवर स्कॅनर होता, आणि माथ्यापर्यंत मागितलेला व मिळालेला दाब यांचे दोन्ही आकडे एकमेकांना सोडून गेले नाहीत.