कामावर निघालेली सायकल

नमस्कार श्रोतेहो.

सकाळचे साडेनऊ होत आलेले असतात. इंदूरच्या महू नाक्यावर सिग्नल लाल. मी डावा पाय फुटपाथच्या कडेला टेकवून सायकलवर बसलेली. शेजारी मोटरसायकलवर एक तरुण मुलगा. तो आधी माझ्याकडे बघतो, मग सायकलीकडे, मग कॅरियरला बांधलेल्या डब्याच्या पिशवीकडे, आणि अगदी आपुलकीनं विचारतो, "आंटी, गाड़ी खराब हो गई क्या?"

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की उत्तर आता तोंडात तयारच असतं. "नहीं भिया, यही गाड़ी है." मग सिग्नल हिरवा होतो, तो पुढे निघून जातो आणि पुढच्या सिग्नलला मी पुन्हा त्याच्या शेजारी येऊन उभी राहते. त्या वेळचा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, हे मी कबूल करते.

माझं घर लोकमान्य नगरात, ऑफिस पलासियाला. वय ५२. काम हिशेबाचं. अंतर सात किलोमीटरच्या आतबाहेर. २०२० चा लॉकडाउन उठला तेव्हा शेअरच्या रिक्षात चौघांना खेटून बसायची भीती वाटायची, म्हणून चार दिवसांपुरती सायकल काढली. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत.

रस्ता इंदूरकरांना पाठ असेल. केसरबाग रोडनं महू नाका, तिथून लालबागच्या कडेनं कलेक्टोरेट, मोती तबेला, हरसिद्धी, पंढरीनाथ, मग राजवाडा. पुढे कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, महात्मा गांधी मार्ग, गांधी हॉल, शास्त्री ब्रिज, रीगल, हायकोर्ट आणि पलासिया. पंढरीनाथापाशी आपोआप हात छातीशी जातो, म्हणजे एकच हात, दुसरा हँडलवर. राजवाड्याच्या अलीकडे पोह्यांच्या कढया वाफाळत असतात. तिथे नाक आवळून पुढे जाणं हा या प्रवासातला सगळ्यात अवघड भाग. शास्त्री ब्रिजचा चढ त्यामानानं काहीच नाही.

तरी त्या चढाचं सांगते, कारण इंदूर सपाट आहे असं सायकल न चालवणारेच म्हणतात. माझी सायकल साधी, बिनगिअरची. पुढच्या चक्रीला ४४ दाते, मागे फ्री व्हीलला १८. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल पाचेक मीटर पुढे जाते. सात किलोमीटरला साधारण चौदाशे फेरे. आकडेमोड हा माझा धंदाच, त्यामुळे हे गणित पहिल्याच आठवड्यात मांडून झालं. सपाटीवर हे प्रमाण छान जमतं. रेल्वेच्या रुळांवरून जाणाऱ्या त्या ब्रिजवर मात्र तेच पाच मीटर मांड्यांना जड जातात. पहिले दोन महिने मी दात-ओठ खात, सीटवरून उठून, जोर लावून चढायचे आणि वर पोचेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे. एके दिवशी सरळ उतरले, सायकल हातात धरून चालत वर गेले आणि उतारावर पुन्हा बसले. घड्याळात जेमतेम दोन मिनिटांचा फरक पडला. तेव्हापासून उतरतेच.

उतरून चालायला आधी लाज वाटायची. ती लाज कुठून आली, याचा विचार करताना मला आमचे मामंजी आठवले. मामंजी म्हणजे माझे सासरे. इथल्याच एका कापड मिलमध्ये होते. तेव्हा घर रामबागेत होतं आणि मिल परदेशीपुऱ्याच्या बाजूला. त्यांची अ‍ॅटलस सायकल मी सून म्हणून घरात आले तेव्हा ओट्यावर उभी असायची, दांड्याला सुती कापड गुंडाळलेलं, मडगार्डवर तेलाचा पुसट हात फिरवलेला. ते सांगायचे, पाळी सुटल्याचा भोंगा झाला की मालवा मिलच्या चौकात सायकलींचा लोंढा यायचा. माणसं मोजता यायची नाहीत, फक्त घंट्या ऐकू यायच्या. हुकूमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी, मालवा, एवढ्या मिल्स आणि बहुतेक कामगार सायकलवर. कोणी कोणाला विचारत नव्हतं की बाबा तू सायकलवर का. कामावर जायचं तर सायकल, एवढं साधं होतं ते.

मग एकेक भोंगा थांबला. हुकूमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली, आणि तिथल्या कामगारांच्या हक्काचे सुमारे २२४ कोटी रुपये द्यायला डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. मध्ये ३२ वर्षं गेली. तोवर कित्येकांचे पैसे त्यांच्या मुलांनी, विधवांनी घेतले. मिल्स गेल्या तरी त्यांच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, राहिल्या, त्या बघायला अजून सगळं शहर रात्रभर रस्त्यावर असतं. सायकलीच्या वाट्याला तेवढंही भाग्य आलं नाही. मिल बंद आणि सायकल रस्त्यावर, म्हणजे हा माणूस वर आलेला नाही, असा हिशेब शहरानं मनाशी करून टाकला. पहिला पगार झाला की स्कूटर, लग्न ठरलं की मोटरसायकल, मूल झालं की कार. या शिडीची खालची पायरी सायकल, आणि पायरीवरून खाली कोण उतरतं?

म्हणून मी जेव्हा ५२ व्या वर्षी, नोकरी असताना, घरात स्कूटर असताना सायकल काढते, तेव्हा बघणाऱ्यांना दोनच खुलासे सुचतात. एक, घरात काहीतरी अडचण आहे. दोन, डॉक्टरांनी सांगितलंय. आमच्या वाड्यातल्या जुन्या शेजारीण काकूंनी तर मला एकदा बाजूला घेऊन हळूच विचारलं, "अगं, सगळं ठीक आहे ना?" हल्ली तिसराही खुलासा निघालाय. रविवारी पहाटे सुपर कॉरिडॉरकडे हेल्मेट, काळा चष्मा, घट्ट कपडे घालून जे सायकलस्वार जातात, ज्यांची सायकल माझ्या स्कूटरहून महाग असते, त्यांतली मी असेन असं काही जण समजतात. मग माझ्या पायातल्या चपला बघतात आणि तो खुलासाही बाद होतो.

त्या रविवारच्या मंडळींवर माझा राग नाही. पण त्यांची सायकल फिरायला निघालेली असते, माझी कामावर. दोन्हीत फार फरक आहे. फिरणाऱ्याला पाऊस आला तर तो घरी थांबतो. मला मस्टरवर सही करायची असते.

पावसाचंच बोलते. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचे रबर नुसते घसरत राहतात, सायकल थांबता थांबत नाही. म्हणून पावसात मी आधीपासून ब्रेक हलकेच दाबत जाते, रिम पुसली जाते आणि ऐन वेळी पकड मिळते. ही युक्ती मला मामंजींनीच सांगितली होती, तेव्हा मला सायकल चालवायचीच नव्हती आणि मी हो हो म्हणत ऐकली होती. पाणी साचलेल्या जागेतून कधी जायचं नाही, खाली खड्डा आहे की उघडं झाकण, कळत नाही. ओढणी असेल तर ती कंबरेला बांधायची, साखळीत गेली की आधी ओढणी फाटते आणि मग तुम्ही पडता. ऑफिसात एक जादा कुर्ता आणि नॅपकिन कपाटात ठेवलेला असतो.

उन्हाळ्याची गंमत वेगळी. आमच्या माळव्यात मे-जूनमध्ये वारा पश्चिमेचा. माझं घर शहराच्या पश्चिम अंगाला आणि ऑफिस पूर्वेला. म्हणजे सकाळी वारा पाठीत हात घालून नेऊन सोडतो, आणि संध्याकाळी, दमलेली असताना, तोच छातीवर हात ठेवून मागे लोटतो. वारा दुप्पट वेगानं आला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. हे शाळेत शिकले नव्हते, मोती तबेल्यापाशी कळलं. हे मात्र सांगायला हवं की माळव्याची संध्याकाळ तापलेली राहत नाही. लालबागच्या झाडांपाशी येईस्तोवर अंगावर गार झुळूक येते आणि वाऱ्याला दिलेल्या शिव्या परत घ्याव्या लागतात.

धोक्यांचं म्हणाल तर बस आणि ट्रकपेक्षा मला उभ्या कारच्या दाराची भीती जास्त. एमजी रोडवर कडेला गाड्या लागलेल्या असतात, मागे न बघता कोणी दार उघडतं आणि ते दार थेट हँडलवर येतं. एकदा पडले आहे, मनगट तीन आठवडे बांधलेलं होतं. तेव्हापासून उभ्या गाड्यांपासून एका दाराएवढं अंतर ठेवून चालवते. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत. ई-रिक्षाचं मात्र काय करावं कळत नाही, ती आवाजच करत नाही.

एक गोष्ट या शहराच्या बाजूनं बोलायलाच हवी. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत पहिलं येतंय, त्याचं कौतुक आपण ऐकून ऐकून कंटाळलोय. पण रात्री मोठे रस्ते झाडले जातात त्याचा खरा फायदा कोणाला होतो, तर सायकलवाल्याला. फुटक्या बाटल्यांची काच, खिळे, तारांचे तुकडे, हे कारच्या टायरला जाणवतही नाहीत, माझ्या टायरचा जीव घेतात. इतक्या वर्षांत माझे पंक्चर हातापायांच्या बोटांवर मोजता येतील एवढेच झालेत.

झाडलेला रस्ता मिळाला. त्यावर जागा कोणाची, हा प्रश्न उरला. २०१३ साली एबी रोडवर बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखलेली वेगळी मार्गिका, सुरू झाली, निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत सुमारे साडेअकरा किलोमीटर. मधली मार्गिका बसला द्यायची की नाही, यावर गावात दहा-बारा वर्षं भांडणं झाली. शेवटी २०२५ मध्ये हायकोर्टानं ती काढायला सांगितली. या साऱ्या काळात बसवाले आणि कारवाले भांडताना मी ऐकले, पेपरात वाचले. सायकलवाल्याला काय हवंय, हे कोणी विचारल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. २२ सप्टेंबर २०२३ ला शहरात 'नो कार डे' झाला. चांगला झाला, हवा जरा मोकळी वाटली, फोटोही निघाले. दुसऱ्या दिवशी तेवीस तारीख होती आणि महू नाक्यावर नेहमीसारखंच विचारलं गेलं, "आंटी, गाड़ी खराब हो गई क्या?"

२०१८ पासून ३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून पाळला जातो. आणि २०२० साली नेमक्या त्याच दिवशी अ‍ॅटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद पडला. मामंजी तोवर गेलेले होते. बरं झालं, त्यांना ते कळलं नाही. सायकलनं जायचं ठरवलं तेव्हा मी आधी त्यांची अ‍ॅटलसच दुरुस्त करून घेतली होती. मेकॅनिकनं फ्री व्हील उघडून दाखवलं, आतली कुत्री झिजली होती. आत बसवलेल्या ज्या छोट्या पट्ट्या दातांत अडकून चाक पुढे ढकलतात, त्यांना कारागीर कुत्रीच म्हणतात. त्यांच्या कटकट आवाजामुळे असेल. नवी बसवली, पण दांडा आडवा असलेल्या उंच सायकलवर, मागे पिशवी बांधलेली असताना, पाय टाकून चढणं मला जमेना. आठवडाभर प्रयत्न केला आणि लेडीज सायकल घेतली. अ‍ॅटलस ओट्यावरच आहे.

रोज सकाळी कोण कोण भेटतं सांगू? पेपर टाकून परत निघालेली मुलं. डबे घेऊन बांधकामावर जाणारे मजूर, तीन-तीन जण, मागचा उभा. रात्रपाळी करून घरी जाणारे वॉचमन. मिल्स गेल्या, पण सायकलवर कामाला जाणारा माणूस गेला नाही. तो फक्त आपल्याला दिसेनासा झाला. त्यांच्यातल्या कुणीही मला आजवर विचारलेलं नाही की तुम्ही सायकलवर का.

त्यातले एक वॉचमन शास्त्री ब्रिजवर भेटायचे. मी गांधी हॉलकडून चढायची, ते रीगलकडून. दोघंही उतरून, सायकल हातात धरून, रस्त्याच्या दोन बाजूंनी. नाव माहीत नाही. निळा गणवेश, हँडलला अडकवलेली काठी. आधी नुसती नजरानजर, मग मान हलवणं, मग "राम राम दीदी". चार वर्षं हे चाललं.

गेल्या महिन्यात ब्रिजवर एक मोपेड हळू झाली आणि हॉर्न वाजला. बघते तर तेच. जुनी, कुणाकडून तरी घेतलेली, एका बाजूचा आरसा नसलेली. चेहरा असा फुललेला की काय सांगू. ओरडून म्हणाले, "दीदी, ले ली!"

मी सायकल स्टँडवर लावली आणि दोन्ही हात वर करून त्यांना शाबासकी दिली. मनापासून दिली. रात्रभर उभं राहून दहा-बारा किलोमीटर पायडल मारणाऱ्या माणसाला मी काय सांगणार होते, सायकल सोडू नका म्हणून?

ते खाली उतरले, वळून एकदा हॉर्न वाजवला आणि गर्दीत मिसळले. ब्रिजवर आता मी एकटीच उतरून चालते.