एकास अठ्ठेचाळीस

(दृश्य: दिव्याखालचं टेबल, हिरवी कटिंग मॅट. चिमट्यात धरलेलं एक आसन कॅमेऱ्याजवळ येतं.)

हे स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या वैमानिकाचं आसन. अंगठ्याच्या नखावर मावतं. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांचा पसारा ११.२३ मीटर. टेबलावरचं विमान त्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याचं, म्हणजे साडेतेवीस सेंटिमीटरला जरा कमी.

आता शेजारी दुसरं आसन ठेवू. पहिलं किटच्या, म्हणजे विमान जोडायच्या भागांच्या संचाच्या, डब्यातलं, करड्या प्लास्टिकचं. दुसरं वेगळं विकत घेतलेलं, रेझिनचं, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेचं. उंची तीच, रुंदी तीच. कडा मात्र बघा. पहिल्याची कड एक मिलिमीटर जाड आहे. एक मिलिमीटर ते काय, असं वाटेल. पण ४८ ने गुणलं की जवळजवळ पाच सेंटिमीटर होतात. म्हणजे वैमानिकाला पत्र्याच्या खुर्चीऐवजी ओंडक्यात कोरलेल्या खुर्चीत बसवल्यासारखं दिसतं. रेझिनच्या आसनाची कड दिव्यासमोर धरली तर उजेड आरपार येतो.

विमानांची मॉडेल्स बनवणारे ज्याला ‘आफ्टरमार्केट’ म्हणतात ते हेच. किट एकाचं, आणि त्यात बसवायचे बारीक भाग दुसऱ्या कुणाचे. आसनं, पट्टे, चाकं, बंदुकीच्या नळ्या, धुराडी, कधी अख्खा कॉकपिट. एखाद्या हौशी माणसाच्या कपाटात या सुट्या भागांची किंमत मूळ किटच्या दुप्पट झालेली असते, आणि त्याला त्याची खंत नसते.

(दृश्य: स्प्रूला, म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीला, जोडलेले किटचे भाग, संथपणे फिरणारे.)

यात किट बनवणाऱ्याला दोष देण्यासारखं काही नाही. धातूच्या साच्याचे दोन अर्धे घट्ट मिटतात, वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबाने आत शिरतं आणि थंड होऊन गोठतं. गोठण्याआधी त्याला साच्याच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचायचं असतं. वाट फार अरुंद असेल तर ते मधेच थिजतं आणि भाग अर्धवट राहतो. भाग फार जाड असेल तर थंड होताना आकसतो आणि वरती खळगा पडतो. शिवाय साचा सरळ रेषेत उघडतो. एखादी खाच आडवी कोरली, तर भाग साच्यात अडकून बसेल. म्हणून किटमधल्या भागांच्या बाजू इतक्या गुळगुळीत, आणि बंदुकीच्या नळ्या टोकाला बुजलेल्या.

प्लास्टिकला जे जमत नाही, त्यातली एकेक गोष्ट एकेका वेगळ्या पदार्थाला जमते. आफ्टरमार्केटचा सगळा बाजार या एका गोष्टीवर उभा आहे, आणि ती ध्यानात घेतली की काय विकत घ्यायचं आणि काय नाही, हे आपलं आपल्याला कळू लागतं.

(दृश्य: पितळेची पातळ जाळीदार चौकट उजेडात.)

सुरुवात पितळेपासून करू. या चौकटीला फ्रेट म्हणतात आणि त्यातल्या भागांना फोटो-एच. नावातला फोटो खराच आहे, कारण हे भाग कापलेले नसतात, प्रकाशाने आखलेले असतात. पितळेच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाला संवेदनशील असा लेप देतात. त्यावर चित्राची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश टाकतात. जिथे प्रकाश पडतो तिथला लेप घट्ट होतो, उरलेला धुऊन जातो. मग पत्र्यावर फेरिक क्लोराईड सोडलं की उघडं पडलेलं पितळ ते खाऊन टाकतं आणि झाकलेलं शिल्लक राहतं. दोन्ही बाजूंनी खाल्लं तर आरपार भोक. एकाच बाजूने खाल्लं तर अर्ध्या जाडीची रेघ, आणि या रेघेवर पत्रा सुबक दुमडतो.

पत्रा साधारण दशांश मिलिमीटर जाड असतो. ४८ ने गुणा. पाच मिलिमीटरच्या आत. खऱ्या विमानाचा पत्रा त्याहून पातळच असायचा, पण डोळ्याला एवढं पुरतं.

झेक प्रजासत्ताकातली एडुआर्ड ही कंपनी १९८९ साली सुरू झाली. या पितळी भागांचं नाव निघालं की बहुतेकांच्या तोंडी तीच येते. त्याआधी लोक काय करायचे? हाताने करायचे. मेणबत्तीवर स्प्रूचा तुकडा मऊ करून दोन्ही हातांनी ताणला की केसासारखा धागा निघतो, तो एरियलची तार म्हणून लावायचे. शिशाच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या कापून आसनाचे पट्टे करायचे. हे कौशल्य अजूनही मोलाचं आहे. मला तर वाटतं, ज्याने एकदा तरी शिशाचा पट्टा कापलाय त्यालाच विकतच्या पट्ट्याची खरी किंमत समजते.

(दृश्य: अगदी जवळून. चिमट्याच्या टोकात पट्ट्याचं बक्कल.)

आता हे पट्टे बसवताना बघू. या विमानात सटन हार्नेस होता. चार पट्टे, दोन खांद्यांवरून, दोन कमरेकडून, आणि प्रत्येकात धातूची कडी ठोकलेल्या भोकांची रांग. पट्टा इथे एक मिलिमीटरच्या आसपास रुंद आहे आणि भोकांची ती रांगही त्यावर आहे. पण पितळ आहे तसं बसवलं तर ते ताठ राहतं, पट्टीसारखं. कापड असं बसत नाही. कापड आसनाच्या कडेवरून ओघळतं, बैठकीच्या खळग्यात सैल पडतं.

म्हणून आधी पट्टा क्षणभर ज्योतीवर धरायचा. लाली चढते न चढते तोच बाजूला घ्यायचा. तापवून निवलेलं पितळ मऊ होतं, मग बोटाच्या दाबाने हवं तसं वळतं. अर्थात हे बिनरंगी पट्ट्यांचं सांगतोय. छापून रंगवलेले पट्टे ज्योतीवर धरले तर रंग जळेल. ते काडीवर गुंडाळून हळूहळू वळवायचे. हल्ली कापडासारख्या पदार्थावर छापलेले पट्टेही मिळतात. ते जास्त नैसर्गिक पडतात, पण जोडायला वेळ लागतो, कारण प्रत्येक बक्कल स्वतः ओवावं लागतं.

खांद्यांवरचे पट्टे आसनाच्या पाठीवर संपत नाहीत, हे लक्षात ठेवा. ते डोक्यामागच्या चौकटीतून मागे जातात. पाठीवरच चिकटवून टाकलेले पट्टे मी कितीतरी मॉडेल्सवर पाहिलेत, आणि आसनाचं बाकी सगळं काम सुरेख असूनही नजर तिथेच अडखळते.

रंगाचंही तसंच. स्पिटफायरची बरीच आसनं राळेत भिजवलेल्या कागदाच्या थरांची होती. ती तांबूस तपकिरी दिसायची, आणि तो रंग त्या पदार्थाचाच. आतल्या करड्या-हिरव्या रंगात हे आसन एकदम उठून दिसतं. सुटा भाग कितीही सुबक असला तरी हे तो आपल्याला सांगत नाही. त्यासाठी फोटोच बघावे लागतात.

(दृश्य: निळसर सिलिकॉनचा साचा, त्यातून बाहेर काढलेला रेझिनचा भाग.)

रेझिनची गोष्ट वेगळी. इथे साचा सिलिकॉन रबराचा. तो वाकतो, ताणला जातो, आणि आडव्या खाचांमधूनही भाग अलगद सुटतो. धातूच्या साच्याला हे कधीच जमणार नाही. म्हणून कॉकपिटच्या बाजूच्या भिंतीवरच्या नळ्या, तारा, चाकाच्या मधली आरपार भोकं, हे सगळं रेझिनमध्ये येतं. शिवाय सिलिकॉनचा साचा स्वस्तात होतो, तेव्हा थोडेसेच भाग खपणार असले तरी परवडतं. तो लवकर झिजतो, पण मूळ नमुन्यावरून दुसरा ओतता येतो.

याची एक गोम आहे. रेझिन गोठताना किंचित आकसतं, आणि सगळीकडे सारखं आकसेलच असं नाही.

माझ्या पहिल्या रेझिन कॉकपिटने मला हे शिकवलं. सगळा रंगवून झाला होता. पॅनेल, बाजूच्या भिंती, आसन, सगळं जागच्या जागी. आणि विमानाच्या धडाचे दोन अर्धे मिटेनात. मधे दोन मिलिमीटर फट. मी आतून प्लास्टिक घासायला लागलो. थोडं, अजून थोडं. फट मिटली, पण रंगाचा पहिला हात दिल्यावर बाहेरच्या अंगाला धड कागदासारखं आत दबलेलं दिसलं. इतकं पातळ झालं होतं. तो भाग पुटीने भरून पुन्हा घडवण्यात आठवडा गेला, आणि विमान आजही त्या बाजूने मी भिंतीकडे करून ठेवतो.

तेव्हापासून रंगाची बाटली उघडण्याआधी रेझिन आणि प्लास्टिक कोरडंच जुळवून बघतो. चिकटपट्टीने धड बांधायचं आणि फट कुठे राहते ते बघायचं. घासायचंच असेल तर मधूनमधून धड दिव्यासमोर धरायचं. प्लास्टिकमधून उजेड झिरपायला लागला की हात थांबवायचा.

आणि हे कळकळीने सांगतो. रेझिनची भुकटी छातीत जाऊ देऊ नका. ओतताना राहिलेला ठोकळा करवतीने कापताना मास्क लावा, पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा. तोंडाने फुंकर मारून भुकटी उडवू नका. टेबल ओल्या कापडाने पुसा.

(दृश्य: सहा तबकड्यांचं पॅनेल, भिंगाखाली.)

पॅनेलच्या मधोमध सहा तबकड्या आहेत. ब्रिटिश लढाऊ विमानांत त्यांची मांडणी ठरलेली असे: वेग, कृत्रिम क्षितिज, चढण्या-उतरण्याचा दर, खाली उंची, दिशा, वळण. सुमारे आठ सेंटिमीटरची तबकडी इथे पावणेदोन मिलिमीटरच्या आत येते. छापील पितळी पॅनेल भिंगाखाली पाहिलं तर रंगाचे ठिपके दिसतात. थ्रीडी छपाईचं नवं पॅनेल बघा, त्यात बटणं खरोखर वर आलेली आहेत. प्रत्येक तबकडीवर चकचकीत वार्निशचा एकेक थेंब सुईच्या टोकाने सोडायचा. सुकला की काचच.

थ्रीडी छपाईने रेझिनच्या ओतकामाची बरीच जागा घेतली आहे. द्रव रेझिनचे एकावर एक पातळ थर प्रकाशाने घट्ट केले जातात. इथे साचाच नाही, त्यामुळे साच्याच्या अडचणीही नाहीत. भाग ठिसूळ मात्र असतात. खालचे आधाराचे खांब तोडताना जीव मुठीत धरावा लागतो.

(दृश्य: पंख. तोफेच्या नळीचं टोक.)

आता पंखाकडे. हे नवव्या मालिकेचं विमान, मार्क नऊ. पंखांत २० मिलिमीटरच्या दोन हिस्पानो तोफा आणि ०.३०३ इंचाच्या चार ब्राऊनिंग मशिनगन. तोफेच्या तोंडाचं भोक इथे ०.४२ मिलिमीटर. प्लास्टिकच्या नळीत इतकं भोक मधोमध पाडणं फार अवघड. पोलंडमधली मास्टर ही कंपनी अशा नळ्या लेथवर पितळेतून कातते. गोल म्हणजे खरंच गोल, आणि टोकाला भोक असलेल्या. माझ्या मते पैसे खर्च करावेत अशी ही पहिली जागा. दिसते, जोडायला सोपी, आणि प्लास्टिकची जागा पूर्ण घेते.

मशिनगनचं काय? उड्डाणाआधी त्यांची तोंडं कापडाच्या लाल तुकड्यांनी बंद केलेली असायची, धूळ आणि ओल आत जाऊ नये म्हणून. म्हणजे त्या चार नळ्यांवर खर्चच नको. डेकलचे, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांचे, चार लाल तुकडे पुरे.

धुराड्यांवर मात्र करावा. इंजिनच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा नळकांडी, किटमध्ये टोकाला बुजलेली, रेझिनमध्ये पोकळ. आणि चाकं. रेझिनच्या चाकात विमानाच्या भाराने टायर खाली किंचित दबलेला असतो. पण हबचे आरे चार की पाच, हे आपण जे विमान करतोय त्याचा फोटो बघूनच ठरवा.

(दृश्य: पंखाखाली उघडे पितळी फ्लॅप.)

या एका जागी मी थांबून बोलणार आहे. फ्लॅपचा, म्हणजे उतरताना पंखाच्या मागच्या कडेला खाली उघडणाऱ्या झडपांचा, हा पितळी संच अप्रतिम आहे. आतल्या फासळ्या, त्यांची भोकं, सगळं आहे. जोडायला दोन संध्याकाळ गेल्या. पण जमिनीवर उभ्या असलेल्या स्पिटफायरचे फ्लॅप सहसा वर घेतलेले असायचे. उतरल्यावर ते लगेच वर घ्यायचे, अशी वैमानिकांना शिस्त होती. म्हणून धावपट्टीशेजारी शांत उभ्या असलेल्या आपल्या विमानावर ते उघडे दाखवले, तर काम सुंदर आणि चित्र चुकीचं. पी-५१ मस्टँग हे अमेरिकी लढाऊ विमान असतं तर गोष्ट उलटी. इंजिन बंद झाल्यावर हायड्रॉलिकचा दाब हळूहळू ओसरतो आणि त्याचे फ्लॅप आणि चाकांची आतली दारं आपोआप खाली लोंबतात. तिथे ते मिटलेले ठेवले तर जाणकाराला खटकतं.

हा संच मी काढून ठेवला. दुरुस्तीला उभं केलेलं एखादं विमान करेन, तेव्हा वापरेन.

कॉकपिटचंही असंच ठरवावं लागतं. काच बंद ठेवायची असेल, तर पायाखालची पेडलं कुणाला दिसणार नाहीत. पट्टे आणि पॅनेलचा वरचा भाग दिसेल, तेवढंच करा. उघडी ठेवायची असेल, तर डावीकडचं छोटं दारही उघडता येतं आणि मग आतल्या बाजूची प्रत्येक नळी दिसते. मी उघडी ठेवणार आहे. त्या तांबूस आसनासाठी.

(दृश्य: रंगवून पूर्ण झालेलं विमान. हात डाव्या पंखाखाली जातो.)

रंग झाला, डेकल बसले, वार्निशचा शेवटचा हात सुकला. तोफांच्या नळ्या आत्ता, सगळ्यात शेवटी, कारण आधी लावल्या तर हात लागून वाकल्याच म्हणून समजा. आणि त्याहून नाजूक भाग राहिलाय तो डाव्या पंखाखाली. पिटो नळी, वेग मोजणारी. खाली येणारा एक दांडा आणि पुढे वळलेली बारीक नळी, पितळेची.

सुईच्या टोकावर सुपर ग्लूचा ठिपका. भोकात टेकवायचं, दहापर्यंत मोजायचं, चिमटा सोडायचा.

सरळ आहे.